चाळीस घरांची मूठ

लग्न होऊन मी पांझरेकाठच्या त्या गावात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला कळलं की सासरचं वावर गावातलं सगळ्यात शेवटचं आहे. शेवटचं म्हणजे पाटाच्या शेवटी, पार नाल्याला टेकलेलं. नदीत जुना दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या उतारावर चाळीसेक घरांची बागायत. पाणी वरच्या वावरांची तहान भागवत भागवत आमच्यापर्यंत यायचं, तेही आलं तर. बहुतेक वेळा आमच्या वाट्याला नुसती ओली माती आणि बेडकं यायची.

गंमत अशी की माझे सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, तेच गावाचे पाटकरी होते. लोकांची वावरं भरणाऱ्या माणसाचं स्वतःचं वावर सगळ्यात कोरडं. मी नवी नवरी होते, पण तोंड माझं जुनंच होतं. एकदा जेवताना मी म्हणाले, "आबा, एखाद्या वेळी खालून सुरू करा की." आबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि शांतपणे सांगितलं, "पानी बठ्ठासनं शे. पाटकरीनं नही." पाणी सगळ्यांचं, पाटकऱ्याचं नव्हे.

तिकडची रीत न पाहिलेल्याला ती थोडी सांगावी लागते. बागायतीचे चार भाग असत आणि एकेका भागाला म्हणायचं फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि दर साली ते पीक पुढच्या फडात सरकवायचं. यंदा जिथे गहू, पुढल्या साली तिथे दुसरंच काही. प्रत्येक घराचा तुकडा प्रत्येक फडात, वरच्यांचा वर आणि आमचा शेवटी, त्यामुळे पिकाच्या बाबतीत नशीब एकट्याचं फुटत नसे आणि एकट्याचं फळफळतही नसे. आपल्या वावराला आपल्या हातानं पाणी द्यायची कोणालाच मुभा नव्हती. पाटकऱ्यानं वरून सुरुवात करून खालपर्यंत भरत न्यायचं आणि त्याबद्दल प्रत्येक घरानं खळ्यावर त्याला धान्य द्यायचं. आमची चूल त्या धान्यावर पेटायची.

मी सांगते ते दिवस ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचे. गावात वीज नुकती स्थिरावली होती आणि बंधारा मात्र खिळखिळा झाला होता. दगडांमधला चुना कधीचा धुऊन गेलेला. पाणी पाटात चढायचं सोडून फटींतून खाली नदीत पळायचं. आबा दर साली माती आणि पळसाच्या फांद्या कोंबून त्या फटी बुजवत, आणि दर साली नदी त्या उपटून नेई.

पाटाच्या तोंडाशी ज्यांची वावरं होती ते नाना या बंधाऱ्याला कंटाळले होते. नाना वाईट नव्हते, हे मी आजही म्हणते. फक्त त्यांना धीर नव्हता. वरच्या अंगाच्या पाच-सहा जणांनी बंधाऱ्यामागच्या डोहावर विजेच्या मोटारी बसवाव्यात, ज्यानं त्यानं आपलं पाणी उपसावं, हवं ते पेरावं, आणि ही भिंत, हा पाट, ही पाळी सगळं एकदाचं मोडीत काढावं, असं त्यांचं म्हणणं. तसं झालं असतं तर डोहच आटला असता. आबांचं काम गेलं असतं, आमचं वावर कायमचं कोरडं पडलं असतं, आणि आमच्यासारखी खालच्या अंगाची निम्मी घरं दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला गेली असती. हे सगळ्यांना कळत होतं. पण खालच्यांच्या बांधापर्यंत वीज पोचली नव्हती, मोटारीला पैसा नव्हता आणि आवाजही नव्हता.

दसऱ्यानंतर नानांनी धुळ्याहून एक गृहस्थ आणले. त्यांचा बियाण्यांचा व्यापार होता. गव्हाचं बी पिकवून देणारे शेतकरी त्यांना हवे होते आणि त्यासाठी पैसा लावायची तयारी होती. मारुतीच्या पारावर पंच बसले. मी चहाची किटली घेऊन गेले होते. नाना समजावत होते की सहा जणांना मोटारी द्या, सहा जण तुम्हाला बी पिकवून देतील. गृहस्थ मान डोलावत होते, आबा खाली जमिनीकडे बघत होते, आणि माझ्या हातातली किटली रिकामी झाली तरी पाय काही तिथून हलेनात.

माझे वडील धुळ्याजवळच्या सरकारी बीजगुणन केंद्रावर मजूर होते. लहानपणापासून मी त्यांच्याबरोबर बियाण्याच्या गव्हातली भेसळ उपटलेली. त्यामुळे या एका विषयात पारावरच्या सगळ्या पागोट्यांपेक्षा मला जास्त कळत होतं, आणि ते पोटात ठेवणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी विचारलं, "साहेब, त्या सहा वावरांत मागच्या साली काय होतं, हे तुम्ही विचारलंत का?"

नाना म्हणाले, "आते सुना पंचायत करतीन का?"

आबांनी मान वर केली. "बोलू द्या तिले. तिना बाप बी-केंद्रमा शे."

मग मी बोलले. मागच्या साली जिथे गहू होता तिथे सांडलेला दाणा आपोआप उगवतो आणि बी भेसळीचं होतं. आमच्या गव्हाच्या फडात मागच्या साली गहू नव्हताच, तो असतच नाही. शेजारी दुसऱ्या जातीचा गहू नको, तर आमच्या फडात दुसरं काही पेरायची कोणाची हिंमत नाही. सगळी पेरणी एका वेळी, पाणी एका हाताचं, पीक एकदम पिवळं होणार. "सहा ठिकाणी सहा वावरं तपासत फिराल, त्यापेक्षा एक फड तपासा. तुम्हाला जे हवं ते या गावात पणजोबांपासून आहे. फक्त त्याची भिंत गळते आहे."

ते गृहस्थ हुशार होते. त्यांनी चहाचा कप पारावर ठेवला. मग म्हणाले, "मला पैसा लावायचा आहे. मोटारींवर लावला काय आणि भिंतीवर लावला काय, मला सारखंच. मला बी शुद्ध पाहिजे." आणि त्यांनी अट घातली. यंदाचा फडाचा सगळा गहू त्यांच्या बियाण्याचा. ओंब्या आल्या की तपासणी होईल आणि सगळा फड एक समजूनच होईल. पास झाला तर बंधाऱ्याचं सिमेंट, गवंडी आणि पाटाच्या तोंडाला लोखंडी दार त्यांचं, दगड आणि अंगमेहनत गावाची. नापास झाला तर पुढल्या साली नानांच्या मोटारी.

नानांनाही ते मान्य करावं लागलं. त्यांची खात्री होती की चाळीस घरं एकदिलानं इतकं शुद्ध काही करूच शकणार नाहीत.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी गावाचा जीव नकोसा केला. घरोघरी जाऊन पेरणीच्या तिफणी धुवायला लावल्या. गोणपाटं उलटी करून झटकली. कोणाच्या खळ्यावर जुन्या गव्हाचे चार दाणे दिसले तरी मी त्या घरच्या बाईला चार शब्द सुनवायचे. इतकं नाकानं कांदे सोलत मी आयुष्यात पुन्हा कधी फिरले नाही. बाया मला पाठीमागे मास्तरीण म्हणायच्या, आणि मला ते आवडायचंही.

पेरणीचा दिवस आला. तिफणीच्या डोक्यावर लाकडी वाटीसारखं चाडं असतं, त्यात मुठीनं बी सोडत जायचं आणि ते नळ्यांतून जमिनीत पडत जातं. रिकाम्या चाड्यात पहिली मूठ घरच्या बाईनं टाकायची असते. आमच्या सासूबाई, म्हणजे अक्का, त्या दिवशी मला म्हणाल्या की यंदा नव्या सुनेचा मान. त्यांनी माझ्या ओंजळीत गहू दिला. मी तो कपाळाला लावला, पूर्वेकडे तोंड करून चाड्यात सोडला आणि यजमानांनी बैल हाकले. देवळापुढून जाताना हात जसा आपोआप जोडला जातो, तसं ते झालं. छान वाटलं होतं मला. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं.

आणि मग पौष सरता सरता एका सकाळी मी वावरात गेले. त्या साली पावसाची ओल टिकल्यानं आमच्याही गव्हाला ओंब्या आल्या होत्या. सगळा फड एका उंचीचा, कैचीनं कापल्यासारखा. फक्त आमच्या वावराच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, पहिल्या ओळींत, बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच, काळसर कुसांच्या ओंब्या डुलत होत्या.

तो आमच्या घरचा गहू होता. पहिली मूठ ही नेहमी घरच्या जुन्या गव्हाची असते. मडक्यात जपलेल्या, सासूच्या सासूपासून चालत आलेल्या. परक्या बियाला घरची ओळख करून द्यायची म्हणून. अक्कांच्या हातून ओंजळ घेताना ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गावाला शुद्धतेचे धडे देणाऱ्या मास्तरणीनं स्वतःच्या हातानं, डोळ्यांत पाणी आणून, भेसळ पेरली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

मी शेजारच्या वावरात धावले. तिथेही तेच. त्याच्या वर, त्याच्याही वर. पहिली मूठ टाकायची राहिलेलं एकही घर गावात नव्हतं. तपासणीला पाच दिवस उरले होते. मी बांधावर बसले आणि हमसून हमसून रडले. नापास झालो तर भिंत गेली, पाट गेला, आबांचं काम गेलं, आणि हे सगळं मी त्या पारावर तोंड उघडलं म्हणून. मला स्वतःचा इतका राग कधीच आला नव्हता.

आबा पाटावर सापडले. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "आपला वावरमा कोन्ही टाकी मूठ?"

"मीच टाकली, आबा."

आबांनी खांद्यावरचं फावडं खाली ठेवलं. वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "मंग आते उपट." आणि पुन्हा फावडं उचलून चालू लागले. त्यांना ओरडायला वेळ नव्हता.

बाया नदीवर धुणं धूत होत्या. मी सगळ्यांसमोर माझी चूक कबूल केली, आणि मग त्यांची. आधी हशा पिकला, मास्तरीण कशी तोंडावर पडली म्हणून. तो मी गिळला. पण उपटायचं म्हटल्यावर हशा थांबला. सगळ्यात आधी अक्का उठल्या. "भरेल ओंबी उपटानी? हाई पाप मी नही करसू."

बाकीच्या म्हाताऱ्यांनी मान हलवली. दुधात आलेलं धान्य मुळासकट उपटायचं, हे त्यांच्यापैकी कोणीच जन्मात केलं नव्हतं. दुष्काळातसुद्धा नाही. मी शास्त्र सांगितलं, भिंतीची आठवण दिली. काही उपयोग झाला नाही. शेवटी मी म्हटलं, "अक्का, फेकायची कुठे आहे? ओंब्या भाजून खाऊ. खाली राहील ते गुरांना. एक दाणा वाया गेला तर माझं नाव टाका."

अक्कांना ते पटलं. खाणं हे पाप नव्हतं. त्यांनी लुगड्याचा काष्टा खोचला आणि जे बोलल्या ते मला सुचलंच नव्हतं. "मंग इतली घाबरस कसाले? मूठ जठे टाकी, तठेच ते उगवेल शे. बठ्ठीसले आपली जागा ठाऊक शे."

खरंच होतं ते. रिकाम्या चाड्यात पहिली पडलेली मूठ, म्हणजे ती पहिल्याच ओळींत गेली. आणि आपण कुठे उभं राहून मूठ टाकली हे कोणतीच बाई विसरलेली नव्हती. त्या दिवशी दुपारी चाळीस घरच्या बाया आपापल्या वावरात शिरल्या आणि एकही जण शोधत बसली नाही. सरळ आपल्या कोपऱ्याशी जाऊन वाकली. मी बांधांवरून पळत सांगत होते, ऊन पाठीवर घ्या म्हणजे काळी कुसं चमकतात, मुळासकट काढा, नाहीतर पुन्हा फुटेल. आता मला मास्तरीण कोणी म्हणत नव्हतं, पण ऐकत मात्र सगळ्या होत्या.

तीन दिवसांत फड स्वच्छ झाला. एक वावर सोडून. नेमकं नानांचं.

नानांच्या घरच्या बाईंचा हात सैल. त्यांनी मुठीवर समाधान न मानता पसाभर गहू थेट बियाण्याच्या गोणीत कालवला होता, कारण मोठं घर, मोठा मान. त्यामुळे त्यांच्या वावरात काळ्या ओंब्या एका कोपऱ्यात नव्हत्या, सगळीकडे होत्या. नानांना ते कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. कळलं असतं तरी ते गप्प बसले असते असं मला तेव्हा वाटलं, आणि त्यांना दोषही देता आला नसता. फड नापास झाला तर मोटारी त्यांच्याच.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही चाळीस घरच्या बाया नानांच्या वावरात शिरलो. न विचारता. खांद्याला खांदा लावून एक ओळ केली आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत सरकू लागलो. नाना आले. हात बांधून उभे राहिले. कोणाच्या वावरात कोण शिरलं आहे, असं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं असावं. पण ओळीच्या मध्यावर त्यांच्या घरच्या बाई होत्या, डोक्यावर पदर, कमरेत वाकलेल्या, आणि त्यांनी नवऱ्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

नानांनी चपला काढल्या आणि ओळीत शिरले. ते ताडमाड उंच, त्यांना काळी ओंबी आमच्या आधी दिसायची. "तठे! तुना डावा हातले!" असं ते दिवसभर ओरडत होते. नानांची उंची त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्या गावाच्या कामी आली. दुपारी ते एका बांधावर टेकले आणि मला म्हणाले, "भिंत बांधी ते पक्की बांधा मंग." एवढंच. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

तपासणीला दोघे जण आले, बियाणेवाले गृहस्थ त्यांच्याबरोबर. सकाळपासून ते फडात फिरत होते. मध्येच उकिडवे बसत, ओंब्या चाळत, वहीत काही लिहीत. आम्ही सगळे पाटाच्या काठावर उभे. सगळ्यात शेवटी ते आमच्या वावरात उतरले आणि एक जण वाकला तो उठताना हातात एक काळी ओंबी घेऊनच उठला. तो ती ओंबी बोटांत फिरवत आमच्याकडे आला. म्हणाला, "एवढ्या फडात मोजून एवढीच सापडली. भेसळ कोणी काढली इथे?"

अक्कांनी पदराखालून भाजलेल्या ओंब्यांचं टोपलं काढलं, एक ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि हिरवे दाणे त्याच्यापुढे धरले. "खाई देख." तो हसायला लागला, दाणे तोंडात टाकले, आणि मग आम्ही सगळेच हसायला लागलो. फड पास झाला होता!

बियाणेवाल्यांनी शब्द पाळला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास नदी सुकली तसं काम निघालं. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, बसून खातात. त्या साली झोके तसेच राहिले. लेकींनी पाट्या उचलल्या. सुनांना इतकं सुख कधी झालं नसेल, नणंदा दगड वाहताहेत आणि आपण गवंड्याला पाणी देतोय! खालच्या अंगाच्या पुरुषांनी खणलं, वरच्या अंगाच्यांनी बैलगाड्या दिल्या. आबा रोज भिंतीवर चढून फटी मोजत आणि रोज एक कमी निघाली की खूश होत. पाटाच्या तोंडाला लोखंडी दार बसलं तेव्हा ते वर-खाली करून बघायला आख्खं गाव रांगेत उभं राहिलं.

अक्कांच्या घरच्या गव्हालाही जागा मिळाली. घरामागे चार वाफे, तिथे कोणाची तपासणी नाही.

पुढच्या हिवाळ्यात पहिल्या पाळीचं पाणी सुटलं. पाटाच्या लोखंडी दारापाशी नाना उभे होते, तो मान त्यांनी मागून घेतला होता. आबा वावरामागून वावर भरत खाली येत होते. दुपारी पाणी आमच्या बांधाशी आलं. मी म्हटलं, आलं, आता नेहमीसारखं दोन वाफे भिजवून जिरेल. ते जिरलं नाही. एक वाफा भरला, दुसरा भरला, चौथा, दहावा. आमच्या वावरात किती वाफे आहेत हे मला त्या दिवशी कळलं, कारण सगळे भिजलेले मी कधी पाहिलेच नव्हते. पाणी नाल्याच्या बांधाला जाऊन लागलं. मी चिखलात पोटऱ्यांपर्यंत उभी राहून ओरडत होते, काय ओरडत होते ते आठवत नाही.

आबांनी फावडं रोवलं, तोंडाला दोन्ही हात लावले आणि वर हाक दिली, "बस व्हयनं! बंद करा पानी!"

वरच्या वावरातल्या माणसाला ऐकू आलं, पण पटलं नाही. खालून आजवर एकच हाक यायची, पाणी सोडा. त्यानं उलट विचारलं, "काय म्हनी ऱ्हायनात, आबा?"

"बस व्हयनं म्हनस!"

मग त्यानं ती हाक वर दिली. त्याच्या वरच्यानं त्याच्या वर. बांधाबांधावरून ती चढत गेली, प्रत्येक जण आधी थांबून आमच्याकडे बघायचा आणि मग अधिकच मोठ्यानं ओरडायचा. शेवटी ती नानांपर्यंत पोहोचली असावी, कारण थोड्या वेळानं पाटातलं पाणी उतरू लागलं. आमच्या वावरात मात्र ते काठोकाठ उभं होतं, आणि भर दुपारी, सगळ्या गावासमोर, आबा त्याच्याकडे बघत रडत होते.